वेशीवरचा पहारेकरी

मुलांनो, २५ जानेवारी २००३ या दिवशी संगणकांच्या जगात एक विलक्षण उत्पात घडला. अवघ्या ३७६ बाइटांचा, वहीच्या दहाबारा ओळींत मावावा एवढा एक प्रोग्रॅम एका संगणकातून दुसऱ्यात शिरू लागला. प्रारंभी दर साडेआठ सेकंदांनी बाधित संगणकांची संख्या दुप्पट होत होती. दहा मिनिटांच्या आत निदान ७५,००० संगणक त्याच्या कचाट्यात सापडले. अमेरिकेत बँकांची पैसे देणारी यंत्रे अडली, विमानांची काही उड्डाणे रद्द झाली. या उपद्रवी कृमीला पुढे 'स्लॅमर' असे नाव पडले.

त्याला अडविले कसे, हे समजण्यासाठी आधी पॅकेट म्हणजे काय ते पाहू या. संगणक आपला मजकूर अखंड धाडीत नाहीत. त्याचे लहान लहान तुकडे करितात. असा प्रत्येक तुकडा म्हणजे पॅकेट. लखोट्यावर असावा तसा त्याच्या अग्रभागी पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. शिवाय बहुधा पोर्ट नावाचा एक क्रमांकही असतो. पत्ता म्हणजे वाडा मानला, तर पोर्ट म्हणजे त्यातील खोली. संकेतस्थळांचे काम सामान्यतः ८० व ४४३ या क्रमांकांवर चालते.

पत्ते वाचून पॅकेटे मार्गी लावणे हे राउटरचे नित्यकर्म होय. तो जाळ्याच्या वेशीवरच बसलेला असतो. मग वाचता वाचताच, कोणाला आत सोडावे आणि कोणाला नाही, हेही त्याने ठरविले तर? यालाच पॅकेट फिल्टर म्हणतात. राउटरला नियमांची एक यादी दिलेली असते. ती तो वरून खाली वाचतो आणि जो नियम प्रथम लागू पडेल तोच अमलात आणतो. पुढचे वाचीतच नाही. म्हणून 'सर्वांना येऊ द्या' हा नियम कोणी वर लिहिला, की त्याखालची सारी बंदी व्यर्थ! भल्या भल्या जाणत्यांकडून ही चूक झालेली आहे. पुष्कळ राउटरांत यादी संपेपर्यंत ज्याला परवानगी मिळाली नाही, ते पॅकेट टाकून दिले जाते. बाहेरून आलेल्या पॅकेटवर पाठविणारा म्हणून आतल्याच संगणकाचा पत्ता असला, तर तो तोतया समजावा. त्यालाही चांगले फिल्टर अडविते.

स्लॅमर १४३४ या पोर्टवर येत असे. तो क्रमांक राउटरांवर बंद होताच त्याची वाट खुंटली. मात्र पहारेकरी लखोटा पाहतो, पत्र फोडीत नाही, आणि तोही फक्त आपल्याच दारापुरता. अमेरिकेतील ओहायओ राज्यात डेव्हिस-बेस नावाचे अणुवीजकेंद्र आहे. तेथील मुख्य दारावर हा पोर्ट आधीपासूनच बंद होता. परंतु एका ठेकेदाराच्या जाळ्याची जोडणी त्या दाराला वळसा घालून आत गेली होती. कृमी तेथून शिरला. अणुभट्टीच्या सुरक्षिततेची माहिती दाखविणारी यंत्रणा जवळजवळ पाच तास बंद पडली. सुदैवाने ती भट्टी दुरुस्तीसाठी २००२ पासून थंडच होती.