स्टोनहेंजच्या शेजारचा बोगदा

इंग्लंडच्या नैऋत्य किनाऱ्याकडे जाणारा ए-३०३ हा हमरस्ता विल्टशर परगण्यात स्टोनहेंज या प्राचीन शिळावर्तुळापासून सुमारे १६५ मीटरवरून जातो. एम्सबरी गाव सोडले की चौपदरी रस्ता दुपदरी होतो आणि सुट्टीच्या दिवसांत तिथे वाहनांच्या रांगा लागतात. हा रस्ता जमिनीखालून न्यावा, हा विचार १९९०च्या दशकापासून चालत आला आहे. २.१ किलोमीटरच्या बोगद्याची एक योजना खर्च वाढल्यामुळे २००७ मध्ये सोडून देण्यात आली. २०१४ मध्ये सरकारने तो विषय पुन्हा हाती घेतला. वाहनांचा गोंगाट जमिनीखाली जाणार असेल, तर स्मारकाविषयी आस्था असणाऱ्या अनेकांनी त्याला विरोध का करावा, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर स्टोनहेंज म्हणजे नेमके काय मानायचे, यात आहे.

सुमारे ५,००० वर्षांपूर्वी इथे प्रथम गोलाकार चर खणून बांध घातला गेला आणि त्याच्या परिघात मृतांच्या अस्थी पुरल्या गेल्या. सरासरी २५ टनांच्या, सार्सेन या दगडाच्या शिळा इसवी सनपूर्व २५०० च्या सुमारास उभ्या राहिल्या. लहान निळसर शिळा वेल्समधल्या प्रेसेली टेकड्यांतून, म्हणजे सुमारे २४० किलोमीटरवरून आणलेल्या आहेत. मधली आडवी शिळा तर स्कॉटलंडच्या ईशान्य भागातली असल्याचे २०२४ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाचा सूर्योदय आणि सर्वांत लहान दिवसाचा सूर्यास्त एकाच अक्षावर यावेत, अशी या शिळांची मांडणी आहे. मोठ्या दिवसाच्या पहाटे आजचे ड्रुइड पंथीय आणि हजारो इतर लोक इथे जमतात.

पण शिळावर्तुळ हा या पवित्र भूमीचा केवळ मध्य आहे. भोवती शेकडो दफनटेकड्या आहेत. एव्हन नदीपर्यंत पोहोचणारा प्राचीन मिरवणूकमार्ग, जवळजवळ तीन किलोमीटर लांबीचे कर्सस हे आखीव मैदान आणि ड्युरिंग्टन वॉल्सची वसाहत आहे. यांतले काय कुठून दिसावे, कोणत्या वाटेने कुठे जावे, याचाही हे सारे उभारणाऱ्या माणसांनी विचार केलेला दिसतो. म्हणूनच १९८६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून शिळांबरोबर हा सुमारे २६ चौरस किलोमीटरचा परिसरही नोंदवला.

नव्या योजनेत बोगदा सुमारे ३.३ किलोमीटरचा होता. वारसाक्षेत्राची रुंदी रस्त्याच्या दिशेने सुमारे ५.४ किलोमीटर भरते. हिशेब सरळ आहे: बोगद्याची दोन्ही तोंडे वारसाक्षेत्राच्या आतच उघडली असती. पश्चिमेला तर चौपदरी रस्त्यासाठी दफनटेकड्यांच्या मधोमध खोल, रुंद खोदकाम करावे लागले असते. विरोध होता तो याला. बोगदा करायचाच तर तो वारसाक्षेत्राच्या पलीकडे तोंड काढेल इतका लांब करा, नाहीतर रस्ताच दुरून न्या, असे विरोधक सांगत होते. एकदा खणलेली जमीन आणि तिच्यातले पुरावे पुन्हा मिळत नाहीत, हा त्यांचा मुद्दा खोडून काढणे अवघड होते. पूर्वेला एम्सबरीजवळच्या ब्लिक मीड या झऱ्याकाठी शिळांच्याही हजारो वर्षे आधीच्या शिकारी माणसांची हत्यारे आणि ऑरॉक्स या नामशेष रानबैलाची हाडे सापडली आहेत. भूजलाची पातळी बदलली, तर ओल्या मातीने टिकवलेले हे अवशेष कुजतील, अशी तिथल्या संशोधकांना भीती होती.

दुसरी बाजूही पोकळ नव्हती. हिस्टॉरिक इंग्लंड, इंग्लिश हेरिटेज आणि नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या तिन्ही संस्था योजनेच्या बाजूने होत्या. आजचा रस्ता या भूमीचे दोन तुकडे करतो. तो गेला तर शिळांजवळ शांतता येईल आणि माणसांना दक्षिणेकडच्या टेकड्यांपर्यंत चालत जाता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. ते खरेच होते. फक्त मधल्या भागाच्या या लाभाची किंमत दोन्ही टोकांना मोजावी लागणार होती.

योजनेची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी २०२० मध्ये हेच जोखले आणि वारशाची कायमची, भरून न निघणारी हानी होईल, असे सांगून परवानगी नाकारण्याची शिफारस केली. तरीही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परिवहनमंत्री ग्रँट शॅप्स यांनी मंजुरी दिली. ‘सेव्ह स्टोनहेंज वर्ल्ड हेरिटेज साइट’ ही संस्था लोकवर्गणी काढून उच्च न्यायालयात गेली. न्यायमूर्ती होल्गेट यांनी जुलै २०२१ मध्ये मंजुरी रद्द केली. कमी हानीचे पर्याय, विशेषतः पश्चिमेकडे अधिक लांब बोगदा, मंत्र्यांनी तोलून पाहिलेच नव्हते, हे त्याचे एक महत्त्वाचे कारण होते. युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीनेही आपल्या अधिवेशनात, योजना न बदलल्यास स्टोनहेंजचे नाव धोक्यातील वारशांच्या यादीत जाऊ शकते, असा इशारा दिला. लिव्हरपूलच्या बंदराने आपला वारसादर्जा त्याच अधिवेशनात गमावला होता, त्यामुळे हा इशारा कोणालाच हलक्यात घेता येण्यासारखा नव्हता.

जुलै २०२३ मध्ये त्या वेळचे परिवहनमंत्री मार्क हार्पर यांनी मंजुरी पुन्हा दिली आणि या वेळी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, उच्च न्यायालयाने विरोधकांचा अर्ज फेटाळला. अपील न्यायालयातही त्यांना ऑक्टोबरमध्ये यश आले नाही. मात्र त्याआधीच, २९ जुलै २०२४ रोजी, नव्या सरकारच्या अर्थमंत्री रेचल रीव्हज यांनी तिजोरीतील तूट भरून काढण्यासाठी हा प्रकल्प रद्द केला होता. शिळांजवळचा रस्ता दुपदरीच राहिला आहे, आणि कोंडी टाळणारी वाहने श्रूटनसारख्या आसपासच्या गावांच्या अरुंद गल्ल्यांतून जातात, ही तिथल्या रहिवाशांची तक्रारही अजून सुटलेली नाही.