एक ग्रॅमची टिकटिक

संपादकांना ड्रोनवर लेख हवा होता. मला मात्र त्या ड्रोनला काय ऐकू येतं आणि काय निसटतं, यातच जास्त रस वाटला.

इतिहास थोडक्यात. 1960च्या दशकात अमेरिकेत विल्यम कोचरन यांच्यासारख्यांनी प्राण्यांना रेडिओ टॅग लावण्याची पद्धत बसवली, आणि तेव्हापासून संशोधक हातात अँटेना धरून डोंगर तुडवताहेत. ऑस्ट्रेलियातल्या डेबी सॉन्डर्स त्यांतल्याच. त्यांचा पक्षी स्विफ्ट पॅरट. हा पोपट टास्मानियात वीण करून समुद्र ओलांडतो आणि मग निलगिरी जिथे फुलेल तिथे जातो. त्याच्यामागे पायी किती धावणार? ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटी आणि सिडनी विद्यापीठाने मिळून टॅग शोधणारा ड्रोन केला, 2015 साली तो जाहीर झाला. कॅनबेराजवळच्या मलिगन्स फ्लॅटमध्ये सशाएवढ्या बेटाँग या प्राण्यांवर त्याची चाचणी झाली.

पोपटाचं वजन साधारण 65 ग्रॅम. टॅग वजनाच्या पाच टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असा संकेत आहे. ग्रॅमभराच्या टॅगमधल्या एवढ्याशा बॅटरीतून सेकंदा-दोन सेकंदांनी रेडिओ लहरींची सुमारे 20 मिलिसेकंदांची एक टिक निघते. अंतर दुप्पट झालं की तिची ताकद पाव उरते. टॅगचा आवाज वाढवता येत नाही, म्हणून सारी भिस्त ऐकणाऱ्यावर.

ड्रोन उंच गेला की झाडं-टेकड्यांचा अडसर कमी होतो. पण त्याच्या मोटारी चालवणारी सर्किटंच रेडिओ लहरींचा गोंगाट करतात. कानोसा घ्यायला निघायचं ते ढोल बडवत! अँटेना दूर बसवा, तारांना आवरण घाला, तरी थोडा उरतोच. मग संगणक फ्रिक्वेन्सीची चाळणी बारीक करतो. तिलाही मर्यादा आहे: 20 मिलिसेकंदांच्या टिकेसाठी सुमारे 50 हर्ट्‌झपेक्षा बारीक चाळणी लावली, तर टिकच कापली जाते. पाच-सहा टिका एकत्र कराव्यात, तर दिशा शोधण्यासाठी ड्रोन तोवर स्वतःभोवती फिरत असतो, आणि प्रत्येक टिक अँटेनाच्या वेगळ्या बाजूने आलेली. जागीच थांबून ऐकत राहावं, तर बॅटरी संपत जाते. ऐकण्याचा उंबरठा खाली आणला की नसलेले पोपट दिसू लागतात, वर नेला की असलेला हरवतो. त्यात उतारावरून परतलेली लहर चुकीची दिशा दाखवते.

हे सगळं जमलं, तरी हाती येते ती टॅगची जागा. पक्षी मेला किंवा टॅग गळून पडला, तरी टिकटिक चालूच राहते. खात्री करायला कुणाला तरी दुर्बीण घेऊन तिथवर चालत जावंच लागतं.