लहान इंजिन, मोठा भार : पेट्रोल टर्बोचे बळ आणि त्याची दुखणी

पद्मनाभपूर (भिलाई) : भिलाईच्या रहिवाशाला टर्बो इंजिन समजावून सांगण्यास फारसे सायास पडू नयेत. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी कार्यान्वित झाली. भट्टीत जितकी अधिक हवा दाबून सोडावी तितका अधिक कोक जळतो आणि तितके अधिक लोखंड वितळून बाहेर येते, हे तत्त्व तेव्हापासून या शहराच्या परिचयाचे आहे. मोटारीतील टर्बोचार्जर हेच काम लहान प्रमाणावर करतो. सिलिंडरमध्ये हवा दाबून भरली की तेवढ्याच आकारात अधिक पेट्रोल जाळता येते. ही हवा दाबण्यासाठी लागणारी शक्ती मात्र एरवी वाया जाणाऱ्या धुराकडून मिळते. इंजिनातून वेगाने बाहेर पडणारे उष्ण वायू एक चाक फिरवतात आणि त्याच दांड्यावर बसवलेले दुसरे चाक बाहेरची हवा आत ढकलते. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी या कल्पनेचे पेटंट १९०५ साली घेतले होते.

दुर्ग-भिलाई या जुळ्या शहरांतील पद्मनाभपूरसारख्या निवासी वसाहतींत आज ज्या आटोपशीर एसयूव्ही दारोदार उभ्या दिसतात, त्यांतील अनेकींच्या बॉनेटखाली असेच इंजिन असते. याची कारणे अभियांत्रिकीपेक्षा कायद्यात अधिक आहेत. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि लहान डिझेल इंजिने त्या मानकांत बसवणे खर्चिक ठरले. मारुती सुझुकीने तर डिझेल मोटारी बंदच केल्या. दुसरीकडे, चार मीटरपर्यंत लांबी आणि १२०० सीसीपर्यंतचे पेट्रोल इंजिन असलेल्या मोटारींवर वस्तू व सेवा कर कमी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. इंजिन लहान ठेवायचे, पण महामार्गावर डिझेलसारखी ओढ द्यायची, या पेचातून टर्बो हाच मार्ग उरला.

पुण्याजवळच्या चाकण येथे तयार होणारे फोक्सवॅगन-स्कोडा समूहाचे १.० टीएसआय इंजिन या जातीचा चांगला नमुना आहे. कुशाक, टायगुन, स्लाव्हिया, व्हर्टस आणि चार मीटरच्या आतील कायलॅक या मोटारींत ते वापरले जाते. त्याची क्षमता ९९९ सीसी असून सिलिंडर तीन आहेत. ११५ पीएस शक्ती आणि १७८ न्यूटन-मीटर टॉर्क ते देते. तुलनेसाठी मारुतीचे जवळपास तेवढ्याच आकाराचे, टर्बो नसलेले के-१० इंजिन घेता येईल. त्याची शक्ती सुमारे ६७ पीएस आणि टॉर्क ८९ न्यूटन-मीटर आहे. आकार तोच, टॉर्क दुप्पट. शिवाय टीएसआयमध्ये तो टॉर्क १,७५० फेऱ्यांपासूनच पूर्ण मिळतो, म्हणून गर्दीतही गाडी हलकी वाटते.

ही दुप्पट ओढ फुकट मिळत नाही. पिस्टन, त्यांच्या कड्या, बेअरिंग आणि ऑइल यांवर पडणारा दाब व उष्णता त्याच प्रमाणात वाढते. जोरात चालवलेल्या पेट्रोल इंजिनाच्या धुराचे तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेऱ्या घेतो, आणि या वेगात त्याला सावरून धरतो तो फक्त ऑइलचा अत्यंत पातळ थर. त्यात दुर्ग-भिलाईचा मे महिना. ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे दहा टक्के विरळ असते. दाबल्यावर ती आणखी तापते आणि तिला पुन्हा थंड करण्याचे ओझे इंटरकूलरवर येते. युरोपात आखलेल्या इंजिनाला आपल्याकडे अधिक कष्ट पडतात, या तक्रारीत एवढे तथ्य आहे.

या इंजिनांच्या दुखण्यांपैकी सर्वांत गंभीर आणि सर्वांत कमी परिचित दुखणे म्हणजे कमी वेगावर होणारे अकाली ज्वलन. इंजिन सुमारे दीड ते अडीच हजार फेऱ्यांवर असताना त्यावर मोठा भार टाकला, तर पिस्टनच्या कडेला साचलेला ऑइल व पेट्रोलचा थेंब स्पार्क प्लगची ठिणगी पडण्याआधीच पेट घेऊ शकतो. पिस्टन अद्याप वर येत असतो आणि ज्वलन त्याला खाली रेटते. एका तडाख्यात कडीची बैठक किंवा पिस्टनच तुटल्याची उदाहरणे आहेत. ऑइलमधील कॅल्शियमयुक्त स्वच्छताकारक द्रव्ये या प्रकाराला हातभार लावतात, हे संशोधनातून स्पष्ट झाल्यावर ऑइलची मानकेच बदलण्यात आली. २०१८ मध्ये एपीआय एसएन प्लस आणि २०२० मध्ये एपीआय एसपी हे दर्जे आले, त्यामागचे एक मुख्य कारण हेच. डब्यावरची ही दोन अक्षरे म्हणूनच ब्रँडच्या नावापेक्षा महत्त्वाची आहेत.

येथे आपली एक जुनी सवय आड येते. लवकरात लवकर वरचा गिअर टाकावा आणि चढावरही तोच रेटावा, म्हणजे पेट्रोल वाचते, असे कित्येक पिढ्यांनी शिकवले. साध्या इंजिनात त्याचे फारसे बिघडत नसे. टर्बो इंजिनात मात्र अकाली ज्वलनाला हवी असलेली परिस्थिती नेमकी हीच आहे. उड्डाणपुलावर चढताना एक गिअर खाली घेतल्याने वाया जाणारे पेट्रोल पिस्टनच्या किमतीपुढे नगण्य ठरते.

दुसरे दुखणे थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या इंजिनांचे. टीएसआय, ह्युंदाईचे टर्बो जीडीआय आणि मारुतीचे बूस्टरजेट या वर्गात मोडतात. जुन्या पद्धतीत पेट्रोल आत घेणाऱ्या झडपांवरून वाहत जाई आणि त्या आपोआप धुतल्या जात. थेट फवाऱ्यात ही धुलाई बंद होते, ऑइलची वाफ झडपांवर बसते आणि काही वर्षांत तिची काजळी घट्ट होते. थंड इंजिन थरथरणे आणि ओढ हळूहळू कमी होणे ही त्याची लक्षणे. पंपावर मिळणारे शुद्धिकारक द्रव्य येथे निरुपयोगी आहे, कारण ते झडपांपर्यंत पोचतच नाही. रांजणगावात तयार होणाऱ्या टाटा नेक्सॉनच्या ११९९ सीसी टर्बो इंजिनात फवारा जुन्या पद्धतीने झडपांच्या मागे पडतो, त्यामुळे ही कटकट त्याच्या वाट्याला येत नाही. अधिक आधुनिक ते अधिक टिकाऊ असते असे नाही, याचा हा एक साधा पुरावा.

थेट फवाऱ्यासाठी २०० बारहून अधिक दाब लागतो आणि त्यामुळे इंधनपुरवठ्याची साखळी नाजूक होते. २०२१ मध्ये कुशाक बाजारात आल्यानंतर १.० टीएसआयच्या काही गाड्यांत ईपीसीचा इशारादिवा लागून शक्ती एकाएकी कमी होऊ लागली. कंपनीने दोष इंधन पंपाशी निगडित असल्याचे मान्य केले आणि अधिक मजबूत पंप बसवून दिले. त्या काळातील गाडी जुन्या बाजारात घेताना हा पंप बदलल्याची नोंद मागून घेणे योग्य ठरेल.

टायमिंग बेल्टची गोष्ट अधिक बोधक आहे. चाकणच्या इंजिनात हा दातेरी पट्टा कोरडा चालतो. फोर्डच्या एक लिटर इकोबूस्टमध्ये मात्र घर्षण कमी व्हावे म्हणून पट्टा ऑइलमध्ये भिजत ठेवण्यात आला. कालांतराने त्याचे कण सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात, ऑइलचा दाब घसरतो आणि इंजिन जाम होते, असा अनुभव अनेक देशांत आला. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये ऑइल पंपाच्या पट्ट्याचा ताण राखणाऱ्या भागातील दोषामुळे सुमारे १ लाख ३९ हजार फोकस व इकोस्पोर्ट परत बोलावण्यात आल्या. तेथे विकल्या गेलेल्या इकोस्पोर्ट चेन्नईजवळच्या कारखान्यातूनच रवाना झाल्या होत्या. भारतातही २०१३ पासून इकोस्पोर्टमध्ये इकोबूस्ट इंजिन मिळत असे. अशी जुनी गाडी घेणाऱ्याने मीटरवरचे किलोमीटर पाहण्याआधी पट्टा कधी बदलला आणि ऑइल कोणते घातले, हे विचारावे.

उरलेले बहुतेक त्रास ऑइलपाशीच येऊन थांबतात. राजनांदगावहून महामार्गाने वेगात येऊन दारात पोचताच चावी फिरवली, तर लालबुंद टर्बोत अडकलेले ऑइल जागीच करपते आणि बारीक नळ्या तुंबतात. नव्या इंजिनांत गाडी बंद झाल्यावरही काही वेळ कूलंट फिरवणारा विजेचा पंप असतो, म्हणून अंगणात पाच-पाच मिनिटे इंजिन घरघरत ठेवण्याची प्रथा आता अनावश्यक आहे. शेवटचा एखादा किलोमीटर सावकाश चालवला तरी पुरते. याउलट रोज दोन किलोमीटरच्या बाजारफेऱ्या करणाऱ्या गाडीत इंजिन तापतच नाही आणि न जळालेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली पाहून समाधान मानणारे वाहनधारक आहेत. वस्तुतः ते पातळ झालेले ऑइल असते. अशा वापरात पुस्तिकेतील किलोमीटर पूर्ण होण्याची वाट न पाहता ऑइल बदलणे शहाणपणाचे.

वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलविषयी बरीच चर्चा आहे. टर्बोच्या दृष्टीने त्यात एक लाभही आहे. इथेनॉलचा ऑक्टेन अंक उंच असतो, त्यामुळे इंजिनातील ठोका कमी होतो. मात्र त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असल्याने मायलेज घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात ही घट दहा टक्के मिश्रणासाठी आखलेल्या व वीस टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींत १ ते २ टक्के, तर त्याहून जुन्या रचनेच्या चारचाकींत ६ ते ७ टक्के सांगितली आहे. एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाडीच्या रबरी नळ्या आणि सीलवर सर्व्हिसच्या वेळी नजर टाकायला मेकॅनिकला सांगावे.

जुनी टर्बो पेट्रोल गाडी पाहायला जाताना इंजिन थंड असतानाच पोचणे बरे. सुरू करताच निळसर धूर आला तर ऑइल जळत आहे, आणि तो टर्बोच्या सीलमधून येत असण्याची शक्यता असते. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर आणि गोडसर वास येत राहिला तर कूलंट आत शिरत आहे. वेग घेताना शिट्टीसारखा आवाज मोठा होत गेला तर हवेच्या नळीला गळती असू शकते. विक्रेत्याने गाडी आधीच तापवून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे.