‘नव्याचे नऊ दिवस’ म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यायचं?

आजच्या भागाचं हे लेखी रूप. लोकलमध्ये नेटवर्क जात असेल किंवा ऐकायला वेळ नसेल, तर निवांत वाचा. बोलताना जे आकडे पटापट सांगितले, ते इथे नीट लिहिलेत.

विषय असा की, तुम्ही वजन उतरवलं. सहा किलो, बारा किलो, जे काही असेल ते. जीन्स सैल झाली, जिना चढताना धाप लागेनाशी झाली. आणि मग कमेंट्स सुरू होतात. टपरीवर मित्र म्हणतो, “भावा, दिवाळीनंतर भेटू, तेव्हा बोल!” लग्नात मावशी म्हणते, “काय गं, आजारी होतीस का? चेहरा किती उतरलाय!” काका म्हणतात, “मी पण केलं होतं ते दीक्षित डाएट. नव्याचे नऊ दिवस, मग ये रे माझ्या मागल्या.” आणि आई काहीच न बोलता ताटात दुसरी पुरणपोळी वाढते.

यातल्या कोणाला हसून सोडायचं, कोणाशी नीट बोलायचं आणि कोणाचं खरंच ऐकायचं, ते आज बघू. पण त्याआधी एक प्रश्न स्वतःलाच विचारायला हवा. हे लोक बरोबर तर नाहीत ना?

“९५ टक्के लोकांचं वजन परत वाढतं” हे आलं कुठून?

हे वाक्य तुम्ही रील्समध्ये शंभर वेळा ऐकलं असेल. त्याचं मूळ बरंच जुनं आहे. १९५९ साली अल्बर्ट स्टंकार्ड आणि मॅव्हिस मॅक्लारेन-ह्यूम या दोघांनी न्यूयॉर्कमधल्या एका हॉस्पिटलच्या आहार क्लिनिकमधल्या १०० रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यातल्या फक्त १२ जणांचं वजन २० पौंड, म्हणजे साधारण ९ किलो किंवा जास्त उतरलं. दोन वर्षांनी ते टिकवलेले उरले २.

शंभरात दोन! आकडा धडकी भरवणारा आहे. पण हे एका शहरातले, एका क्लिनिकमधले शंभर लोक होते, आणि साठेक वर्षांपूर्वी डाएटचा कागद हातात देऊन घरी पाठवायचं, एवढीच मदत मिळायची. तेव्हापासून तो आकडा फिरत राहिला, मागचा संदर्भ गळून पडला.

तरीही, त्यात खरं किती?

बरंच खरं आहे. वजन उतरल्यावर ते परत वाढावं म्हणून शरीर अक्षरशः कामाला लागतं.

२०११ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी ५० जणांना १० आठवडे खूप कमी कॅलरींच्या आहारावर ठेवलं. वजन उतरलं. पण एक वर्षानंतर तपासलं, तेव्हाही भूक वाढवणारं घ्रेलिन हे हार्मोन पूर्वीपेक्षा जास्त होतं आणि पोट भरल्याचा संकेत देणारं लेप्टिन कमी होतं. त्या लोकांना भूकही जास्त लागत होती. म्हणजे डाएट संपून वर्ष झालं, तरी शरीर अजून ‘हरवलेलं वजन परत आणा’ याच मोडमध्ये.

दुसरं उदाहरण ‘द बिगेस्ट लूझर’ या अमेरिकन टीव्ही शोचं. केविन हॉल या संशोधकाने आणि त्याच्या टीमने तिथल्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी परत तपासलं आणि २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. शोमध्ये सरासरी ५८ किलो उतरले होते, त्यातले सरासरी ४१ किलो परत आले. आणि त्यांच्या आकाराच्या माणसाचं शरीर बसल्या जागी जेवढी ऊर्जा खर्च करेल, त्यापेक्षा यांचं शरीर रोज सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं. ही अगदी टोकाची केस आहे, काही महिन्यांत अघोरी व्यायाम करून उतरवलेलं वजन. तुमच्या आठ किलोंना हे जसंच्या तसं लागू होत नाही. पण दिशा तीच.

म्हणून ‘वजन वाढलं म्हणजे मनावर ताबा नाही’ असं म्हणणारे चुकतात. सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनने वजन उतरवलेल्यांनी औषध थांबवलं, तेव्हा वर्षभरात उतरलेल्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग परत आला. वर्षभर भूक आवरणारं काहीतरी होतं, ते काढलं आणि भूक परत आली. त्यात चारित्र्याचा प्रश्न कुठे येतो?

मग टिकतं का कोणाचं?

टिकतं. अमेरिकेत टाइप २ डायबेटिस असलेल्या ५,१४५ लोकांवर ‘लुक अहेड’ नावाचा मोठा अभ्यास झाला. ज्यांना आहार, व्यायाम आणि सततचा फॉलो-अप मिळाला, त्यातले निम्मे लोक आठ वर्षांनंतरही मूळ वजनापेक्षा किमान ५ टक्के खाली होते. सुमारे २७ टक्के लोक तर १० टक्के किंवा त्याहून खाली. आता ९० किलोच्या माणसासाठी ५ टक्के म्हणजे साडेचार किलो. हे ऐकायला भारी वाटत नाही, रीलमध्ये तर अजिबातच नाही. पण आठ वर्षं!

अजून एक नोंदवही आहे, ‘नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री’. १९९४ मध्ये रेना विंग आणि जेम्स हिल यांनी सुरू केली. किमान ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलो उतरवून ते वर्षभर टिकवलेल्यांनाच यात नाव देता येतं, आणि अशी दहा हजारांहून जास्त नावं झाली. यात फक्त जमलेलेच लोक आहेत, त्यामुळे शंभरात कितींना जमतं हे यावरून कळणार नाही. पण जमलेल्यांनी काय केलं, ते कळतं. बहुतेक जण रोज सरासरी तासभर हालचाल करतात, त्यात चालणं सगळ्यात जास्त. चारातले तीन जण आठवड्यातून एकदा तरी वजनकाट्यावर उभे राहतात. आणि ज्यांनी दोन ते पाच वर्षं निभावलं, त्यांचं पुढे टिकण्याची शक्यता बरीच वाढते.

आता काकांच्या वाक्याकडे परत बघा. त्यात दोन गोष्टी चिकटलेल्या आहेत. ‘लोकांचं वजन परत वाढतं’ ही माहिती आहे, आणि बऱ्यापैकी खरी आहे. ‘तुझंही वाढणार’ हे भविष्य आहे, आणि ते काकांना माहीत नाही. हवामान खात्याने पाऊस सांगितला तर आपण छत्री घेतो. ‘आज आपण भिजणार हे ठरलंच’ म्हणून घरी रडत बसत नाही. माहिती घ्या, भविष्य परत करा.

खरा धोका: दोन किलो

हा आजच्या भागातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. कोणी शंका घेतली म्हणून वजन वाढत नाही. मग ही शंका त्रास कुठे देते?

समजा गणपती, नवरात्र, दिवाळी झाली. मोदक झाले, फराळ झाला, दोन लग्नं झाली. काटा दोन किलो वर. ही अगदी साधी गोष्ट आहे. पण आता डोक्यात टपरीवरचा मित्र बोलायला लागतो, “बघ, म्हणालो होतो ना!” मग आपण काट्यावर उभं राहणं टाळतो. सैल कुर्ता घालतो. त्या मित्रासोबत चहाला जात नाही. चारचौघांत सॅलड आणि घरी येऊन एकट्याने फरसाणाचं पाकीट. दोनाचे पाच होतात, पाचाचे आठ, आणि आपल्याला कळतं ते थेट जीन्स बसेनाशी झाल्यावर.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. सर्व्हरला प्रॉब्लेम येणारच, म्हणून तर अलर्ट लावतो. लाज वाटते म्हणून अलर्ट बंद केला, तर छोटा बग रात्रीत सगळी सिस्टीम पाडतो. लोकांसमोर हरायचं नाही, या नादात आपण स्वतःचाच अलर्ट बंद करतो.

म्हणून पहिलं काम, पैज लावू नका. ‘आता परत कधीच वाढणार नाही’ असं इन्स्टावर जाहीर करू नका. उलट आधीच सांगून टाका, “थोडं वरखाली होणारच. वाढलं की मला कळेल आणि तेव्हा काय करायचं ते ठरलेलं आहे.” हे एकदा बोललात की दोन किलो वाढल्यावर तुम्ही हरत नाही. जे सांगितलं होतं तेच घडलेलं असतं.

कोण बोलतंय त्याप्रमाणे उत्तर

टपरीवरच्या मित्राला अभ्यास सांगत बसू नका. “भेटू की दिवाळीनंतर! तोपर्यंत रोज संध्याकाळी चालायला येतोस का?” एक तर तो येईल, नाहीतर विषय बदलेल. दोन्हीत फायदाच.

काकांचं प्रकरण वेगळं आहे. स्वतः प्रयत्न करून जो थकलाय, तो तुमच्यावर नाही, स्वतःच्या आठवणीवर बोलत असतो. त्यांना खोडून काढलं तर ‘तुम्हाला जमलं नाही, मला जमलं’ असं ऐकू जातं. त्यापेक्षा विचारा, “काका, तुमचं नेमकं कुठे अडलं?” उत्तर बहुतेक उपयोगी असतं. फिरतीची नोकरी लागली, गुडघा दुखायला लागला, वेगळं जेवण करून देणारं कोणी नव्हतं. ही तुमच्या पुढच्या अडचणींची यादी आहे, तीही फुकट.

आई, आजी, मावशी यांच्यासाठी वाढणं म्हणजे माया. तिथे ‘कॅलरी’ शब्द काढलात तर संपलं. “आई, पोळी एकदम मस्त झालीय, म्हणून एकच शांतपणे खातो. दुसरी उद्या डब्यात दे.” नकार जेवणाला आहे, तिला नाही, हे कळलं की आग्रह हळूहळू कमी होतो. शिवाय तिला एखादं काम द्या. “रात्रीच्या जेवणात कोशिंबीर थोडी जास्त कर ना.” शंका घेणारा माणूस मदतीला लागला की शंका घ्यायला त्याला वेळ राहत नाही.

आणि काही जण फक्त टोमणे मारतात. त्यांना “बघू” एवढं पुरे. प्रत्येक मेसेजला रिप्लाय द्यायलाच हवा असा नियम नाही.

सिग्नल लावून ठेवा

‘काय करायचं ते ठरलेलं आहे’ असं म्हणालो, तर ते खरंच ठरलेलं हवं. रेना विंग यांच्याच टीमने २००६ मध्ये ३१४ लोकांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. सगळ्यांनी आधीच्या दोन वर्षांत किमान १० टक्के वजन उतरवलेलं होतं. त्यांना रोज वजन करून सिग्नलसारखे तीन रंग वापरायला शिकवलं. सुरुवातीच्या वजनापासून साधारण दीड किलोच्या आत असाल तर हिरवा. दीड ते सव्वादोन किलो वाढलं तर पिवळा, म्हणजे कुठे ढिलाई झाली ते शोधा. त्याहून जास्त तर लाल, परत जुना प्लॅन सुरू करा आणि मदत मागा.

दीड वर्षाने काय दिसलं? ज्यांना फक्त माहितीपत्रक पाठवलं होतं, त्यांच्यातल्या ७२ टक्के लोकांचं वजन २.३ किलो किंवा जास्त वाढलं. जे प्रत्यक्ष भेटून हे शिकत होते, त्यांच्यात हे प्रमाण ४६ टक्के. फरक मोठा आहे. पण दुसरी बाजूही बघा. सगळ्यात चांगल्या गटातही जवळपास निम्म्यांचं थोडं वाढलंच. म्हणजे थोडं वाढणं हा नेहमीचाच भाग आहे, त्यावरून स्वतःला नापास करू नका.

तुमचा पिवळा आणि लाल आकडा आजच फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवा. लाल लागल्यावर करायच्या तीन गोष्टीही लिहा, तुमच्या रोजच्या दिवसात बसतील अशा. रोजचं वजन पाणी, मीठ, मासिक पाळी यांनी एखादा किलो हलतं, म्हणून आठवड्याची सरासरी बघा. काट्याचीच धास्ती वाटत असेल तर कमरेचं माप किंवा एक ठरलेली पँट चालेल.

या शंका मात्र ऐकायच्या

मावशीचं “आजारी होतीस का?” हे प्रत्येक वेळी टोमणा नसतं. चक्कर येते, केस खूप गळतात, पाळी थांबली, सतत जेवणाचाच विचार डोक्यात असतो, किंवा काहीच न करता वजन उतरतंय, तर डॉक्टरांना दाखवा. डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदला. जवळचा माणूस आपल्याला रोज बघतो, त्याला कधीकधी आपल्या आधी दिसतं.

बाकी नव्याचे नऊ दिवस असतातच. सगळ्यांचेच. उत्साह संपणार हे गृहीत धरा आणि दहाव्या दिवसासाठी काहीतरी लिहून ठेवा.

तुम्हाला सगळ्यात जास्त लागलेली कमेंट कोणती आणि तुम्ही काय उत्तर दिलंत? व्हॉईस नोट पाठवा, नाव न घेता पुढच्या भागात ऐकवू. आणि हा भाग त्या टपरीवरच्या मित्राला नक्की फॉरवर्ड करा. भेटू पुढच्या भागात!