हलक्या स्पिनिंग काठीची चाचणी : तळ्यापासून तापीपर्यंत

खानदेशात गळ टाकणाऱ्यांचे काम पिढ्यानपिढ्या बांबूची काठी, तंगूस आणि गांडूळ यांवर भागत आले. आता जळगाव-धुळ्याची तरुण मंडळी हलकी स्पिनिंग काठी आणि रील घेऊन बंधाऱ्यावर दिसू लागली आहेत. साहित्य बहुधा चांगले असते. पण ते पहिल्याच दिवशी वाहत्या नदीवर नेले जाते आणि टोक मोडले किंवा दोऱ्याचा गुंता झाला की साहित्यावर खापर फुटते. नवी काठी आधी घरी, मग मोकळ्या मैदानात, त्यानंतर साचलेल्या पाण्यावर, पुढे वाऱ्याच्या पाण्यावर आणि सगळ्यात शेवटी वाहत्या पाण्यावर तपासावी. असे केले की प्रत्येक टप्प्यावर एकच नवी अडचण येते आणि बिघाड कुठे आहे ते लगेच कळते.

सुरुवात काठीवरच्या छापील आकड्यांपासून करू. हँडलच्या थोडे वर ‘३–१० ग्रॅम’ आणि ‘४–८ पाउंड’ असे काहीतरी लिहिलेले असते. पहिला आकडा ल्यूरच्या, म्हणजे खोट्या आमिषाच्या वजनाचा असतो आणि दुसरा दोरा किती ताणावर तुटावा याचा. हे आकडे मनावर घ्या. दहा ग्रॅमच्या काठीवर वीस ग्रॅमचा चमचा, म्हणजे चमच्याच्या आकाराचे धातूचे आमिष, बांधून जोरात फेकला की काठी माशाने नाही, फेकीनेच मोडते. आमिषे स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मोजून घ्यावीत. सोनाराच्या काट्याची अचूकता नको, एखाद्या ग्रॅमचा फरक चालतो.

आता काठी जोडा. दोन तुकड्यांचा सांधा सरळ दाबून बसवावा आणि वरच्या कड्या खालच्या कड्यांच्या रेषेत आल्या का, ते एक डोळा मिटून पाहावे. दोरा ज्या कड्यांमधून जातो त्यांना गाईड म्हणतात. त्यांच्या आत गुळगुळीत अस्तर असते आणि त्याला बारीक तडा असला तरी तो दोरा कापतो. डोळ्यांना न दिसणारा तडा शोधायला कापसासारखे साधन नाही, आणि कापसाला आपल्याकडे तोटा नाही. बोंडातला चिमूटभर कापूस प्रत्येक कडीतून ओढून काढा. जिथे तंतू अडकेल ती कडी खराब आहे. अशी काठी वापरण्याआधीच दुकानदाराला परत करावी.

मग रील. हलक्या काठीला १००० ते २५०० आकाराची रील शोभते. स्पिनिंग रील काठीच्या खालच्या बाजूला लटकते. तिचा स्पूल, म्हणजे दोरा गुंडाळलेले रीळ, दोरा भरताना फिरत नाही. त्याच्याभोवती फिरते ती बेल, म्हणजे तारेची अर्धगोल कडी, आणि तीच दोरा गुंडाळते. रीलवर ५.२:१ लिहिले असेल तर हँडलच्या एका फेऱ्यात ही कडी पाच फेऱ्यांहून थोडी जास्त फिरते. एका फेऱ्यात दोरा किती आत येतो ते पट्टीने मोजून ठेवा. लहान रीलमध्ये तो साधारण ६० ते ७५ सेंटीमीटर येतो. पुढे पाण्यात आमिष किती वेगाने ओढले हे सांगताना हाच आकडा कामी येतो.

सगळ्यात जास्त चुका दोरा भरताना होतात, म्हणून इथे घाई नको. नवशिक्याने आठ पाउंडांचा साधा तंगूस घ्यावा. विणीचा दोरा, ज्याला ब्रेड म्हणतात, बारीक असून मजबूत असतो, पण त्याचा गुंता सुटता सुटत नाही. दुकानातली तंगुसाची चकती जमिनीवर आडवी ठेवून काठीच्या पहिल्या कडीतून दोरा ओढत भरा आणि वीसेक फेऱ्यांनंतर थांबून ताण सैल करून पाहा. दोरा स्वतःभोवती पीळ घेऊ लागला तर चकती उलटी करा. भरताना दोन बोटांत ओल्या फडक्याने दोरा धरून हलका ताण ठेवावा. सैल भरलेला दोरा पहिल्या जोरदार फेकीत गठ्ठ्याने बाहेर येतो.

दोरा स्पूलच्या काठापेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी राहिला पाहिजे. काठोकाठ भरला तर वेटोळी आपोआप सुटतात. फार कमी भरला तर प्रत्येक वेटोळे काठाला घासून फेक आखूड पडते. काठी दूर फेकत नाही ही तक्रार अनेकदा अर्ध्या भरलेल्या स्पूलची असते.

आता ड्रॅग. मासा ओढू लागला की किती जोरावर दोरा सुटू द्यायचा हे ठरवणारा हा ब्रेक स्पूलच्या पुढच्या चकतीने घट्ट-सैल होतो. आठ पाउंड म्हणजे सुमारे ३.६ किलो. ड्रॅग त्याच्या चौथ्या हिश्शावर, म्हणजे ९०० ग्रॅमच्या आसपास ठेवावा. दोरा सगळ्या कड्यांतून काढून टोकाला स्प्रिंगचा काटा बांधा, काठी ४५ अंशांत धरा आणि दुसऱ्या माणसाला काटा सावकाश ओढायला सांगा. काटा ९०० ग्रॅमवर येताच दोरा एकसारखा सुटू लागला पाहिजे. तो अडखळत, झटक्या-झटक्याने सुटत असेल तर रीलमध्ये दोष आहे. हलक्या दोऱ्याला त्या झटक्याइतका धोका दुसरा नाही. ही एक चाचणी घरीच झाली तर पुढचे निम्मे नुकसान टळते, असे माझे ठाम मत आहे.

याच वेळी काठीचा बाकही पाहून घ्यावा. वजन वाढेल तसा बाक टोकाकडून मधल्या भागाकडे सरकला पाहिजे. एकाच ठिकाणी कोन पडत असेल तर तिथे काठी कमकुवत आहे. काठी उभी सरळ धरून, टोक मागे वळवून वजन उचलण्याचा मोह मात्र टाळा. कार्बनच्या काठ्या मोडतात त्या बहुतेक अशाच.

इथे एक सावधगिरी अगदी कळकळीने सांगतो. कार्बनच्या काठीतून वीज वाहते. आपल्याकडे शेतांवरून, बंधाऱ्यांजवळून लोंबणाऱ्या तारा जातात. फेकण्याआधी वर आणि मागे पाहा. अवकाळी पावसाचे ढग जमून गडगडाट सुरू झाला की काठी खाली ठेवून निघा.

फेकण्याचा सराव मोकळ्या मैदानात करावा. गळ न लावता सात ग्रॅमचे शिसे किंवा लोखंडी नट बांधा. तर्जनीने दोरा पकडा, बेल उघडा, काठी मागे नेऊन पुढे आणा आणि टोक समोर येताना बोट सोडा. नट वर आकाशात गेला तर बोट लवकर सुटले, पायाजवळ आदळला तर उशिरा. नट पडताच बेल हाताने बंद करा, दोरा ताणून घ्या आणि मगच हँडल फिरवा. हँडल फिरवून बेल बंद केली तर स्पूलवर एक सैल वेटोळे राहते आणि पुढच्या फेकीत त्याचाच गुंता होतो.

पाण्याची पहिली परीक्षा एखाद्या शांत गावतळ्यावर घ्या. जळगावचे मेहरूण किंवा धुळ्याचे नकाणे ही अशी साचलेल्या पाण्याची ठिकाणे आहेत. मात्र राज्यात तळी आणि धरणे मासेमारीसाठी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिली जातात. म्हणून कुठल्याही तळ्यावर आधी संस्थेच्या माणसाला विचारावे. तो नाही म्हणाला तर निमूट परत फिरावे, कारण त्या पाण्यावर त्यांची चूल पेटते.

शांत पाण्यात पाहायचे ते आमिषाचे चालणे. फिरकी, म्हणजे पाते फिरणारा स्पिनर, किती सावकाश ओढली तरी पाते फिरत राहते ते काठाशी उभे राहून पाहा. हलक्या काठीच्या टोकात ती थरथर हाताला जाणवली पाहिजे. मग आमिष बुडू द्या आणि मनात आकडे मोजा. तळ किती आकड्यांवर लागतो ते कळले की पुढच्या फेकीत त्याच्या दोन आकडे आधीच ओढायला सुरुवात करता येते. तळातल्या बुडालेल्या काटेरी फांद्यांत अडकून गमावलेली आमिषे यामुळे पुष्कळ वाचतात. शेवाळ आणि जलपर्णीच्या दाटीत मात्र ही काठी घालू नका. मरळ तिथेच दडते हे खरे, पण तिला जलपर्णीतून उपसून काढायला जाड दोरा आणि कडक काठी लागते.

त्यानंतर वारा. हतनूर, वाघूर, अक्कलपाडा अशा धरणांचे पाणी उघडे आहे आणि उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा चांगलाच लागतो. तापी-पूर्णेच्या संगमाखाली, भुसावळजवळ असलेल्या हतनूरच्या फुगवट्यावर तर लाटाही उठतात. वाऱ्यात आमिष उंच फेकले की मधल्या दोऱ्याचा मोठा झोल पडतो आणि मासा लागल्याचे हाताला कळतच नाही. फेक सखल ठेवा. आमिष पाण्यावर टेकण्याच्या क्षणी तर्जनीने स्पूलचा काठ हलकेच दाबून दोरा थांबवा आणि काठीचे टोक पाण्यालगत न्या. आमिष जड करायचे तर छापील मर्यादेतच करावे. समोरून वारा असताना पाच ग्रॅमऐवजी आठ ग्रॅम लावले की फरक दिसतो. तरीही झोल आवरत नसेल तर वारा पाठीशी येईल असा काठ निवडा, त्यात कमीपणा नाही.

शेवटी वाहते पाणी. साक्री आणि धुळे तालुक्यांत पांझरेवर फड या सामाईक सिंचन पद्धतीचे जुने बंधारे आहेत. पाणी कमी असताना त्यांच्याखालचे पाणी या परीक्षेसाठी योग्य असते. वाहत्या पाण्यात आमिष प्रवाहाला तिरके, थोडे वरच्या अंगाला फेकावे. ते वाहत खाली येताना फक्त झोल गोळा करावा. ते समोरून खाली निघून गेले की प्रवाहच त्याला ओढतो, तेव्हा रील सावकाश फिरवावी. प्रवाहाविरुद्ध भराभर ओढले तर फिरकी पृष्ठभागावर येते आणि दोऱ्याला पीळ पडतो. म्हणून फिरकीच्या आधी चांगला स्विव्हल, म्हणजे पीळ न चढू देणारी फिरती कडी, लावावा.

नदीतला काळा दगड तंगुसाला खरवडतो. दर थोड्या वेळाने शेवटचा एक मीटर दोरा दोन बोटांतून फिरवा. खरखर लागली की तेवढा कापून गाठ नव्याने बांधा. गाठ आवळण्याआधी ती ओली करावी, कोरडा तंगूस घर्षणाने तापून गाठीतच कमजोर होतो. आमिष तळाला अडकले तर काठी वाकवून झटके देऊ नका. टोक सरळ अडथळ्याकडे करा, दोरा एखाद्या काटकीवर गुंडाळा आणि मागे चालत ओढा.

गिरणेच्या कालव्यांवर ही चाचणी करू नका. अस्तर केलेल्या कालव्याचा उतार निसरडा असतो आणि पडलेल्याला वर येता येत नाही. तापीच्या उंच मातीच्या दरडी आतून पोखरलेल्या असतात, कडेला उभे राहू नये. पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडले की खालचे पाणी झपाट्याने चढते. सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा या बॅरेजांखालीही तेच. विसर्गाचा इशारा असेल तर नदीवर जाऊच नये.

घरी आल्यावर ड्रॅग सैल करा, नाहीतर आतल्या चकत्या दबून राहतात. तापीचा गाळ बेलवरच्या दोरा फिरणाऱ्या छोट्या चाकात बसतो. ओल्या फडक्याने तो पुसून तेलाचा एक थेंब सोडावा. मे महिन्यात साहित्य बंद गाडीत ठेवू नका, त्या उष्णतेने तंगूस लवकर कमजोर होतो.

या सगळ्या पाण्यांतून पार पडलेली हलकी काठी तिलापिया, लहान मरळ आणि छोटा शिंगाळा यांसाठी खानदेशात पुरेशी आहे. मोठ्या कटल्यासाठी किंवा जलपर्णीतल्या मरळीसाठी वेगळी काठी घ्या. आणि कापलेल्या तंगुसाचे तुकडे खिशात घालून घरी आणा. हतनूरच्या पाणथळीवर हिवाळ्यात परदेशी पक्षी उतरतात आणि असा एक तुकडा पायात अडकला तरी पक्षी मरू शकतो.