वितीबाहेरचे सूर

पियानोची पांढरी पट्टी साधारण साडेतेवीस मिलिमीटर रुंद असते. त्या हिशेबाने षड्जापासून तार षड्जापर्यंतचं अंतर साडेसोळा सेंटिमीटर होतं आणि तार गंधारापर्यंत, म्हणजे दहाव्या सुरापर्यंत, एकवीस. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ४७३ प्रौढ पियानोवादकांची वीत मोजली, तेव्हा पुरुषांची सरासरी साडेबावीस सेंटिमीटरच्या आसपास भरली, तर स्त्रियांची वीस. म्हणजे बहुतेक स्त्रियांना आणि कित्येक पुरुषांनाही दहावा सूर एका हातात धरता येत नाही. ज्यांचा हात जेमतेम पोहोचतो, त्यांची बोटं इतकी ताणली जातात की मधले सूर निसटतात. तरीही रशियन रचनाकार रॅखमानिनॉफने १९०१ साली पूर्ण केलेल्या दुसऱ्या पियानो कॉन्चेर्टोच्या आरंभीच डाव्या हाताला एवढ्या पल्ल्याच्या कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) दिल्या आहेत. त्याचा स्वतःचा हात विलक्षण मोठा होता. इतरांनी काय करावं? माझं म्हणणं असं की, हा प्रश्न हाताच्या लांबीचा मानला की वादकाचं नुकसान होतं आणि संगीताचंही. तो कानाचा प्रश्न आहे.

कॉर्डमधल्या सगळ्या सुरांचं वजन सारखं नसतं. सर्वात खालचा सूर तिचा पाया असतो, वरच्या सुरात बहुधा चाल असते आणि मधले सूर तिला रंग देतात. म्हणून आधी हे पाहावं की एखादा सूर दुसऱ्या हाताला देता येतो का. कॉर्डमध्ये दोनदा आलेला मधला सूर एका जागी गाळला, तर ऐकणाऱ्याला बहुधा उणीव जाणवत नाही. पाया गाळला तर मात्र कॉर्डच बदलते. दोन्ही उपाय चालत नसतील, तर सूर खालून वर झरझर एकामागोमाग वाजवावेत, म्हणजेच कॉर्ड मोडावी. इथे खरी कसोटी पायाची असते. पायाच्या पट्टीवर बोट असतानाच सूर लांबवणारं पेडल खाली गेलं पाहिजे. वरच्या सुरापर्यंत थांबलं तर हात सरकताच पाया विरतो आणि घाई केली तर आधीच्या कॉर्डचे सूर नव्या कॉर्डमध्ये मिसळतात.

यावर आक्षेप येतो की, कॉर्ड मोडणं म्हणजे रचनाकाराशी बेइमानी. जिथे मोडायची तिथे तो नागमोडी उभी रेघ काढतो; रेघ नसेल तर सूर एकदमच उमटायला हवेत. आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणूनच मोडणं हा शेवटचा उपाय ठरतो. पण मोडलेली कॉर्ड मुळातच उणी असते, हे मात्र खरं नाही. शोपँच्या १८३३ साली छापलेल्या दहाव्या ओपसमधला अकरावा एत्यूद (सरावासाठीची रचना) जवळजवळ आदिपासून अंतापर्यंत अशाच कॉर्डवर उभा आहे. दुसरा आक्षेप सरावाचा. स्पॅनिश पियानोवादक आलिसिया दे लारोचाचे हात लहान होते, तरी तिने रॅखमानिनॉफचा तिसरा कॉन्चेर्टो गाजवला, मग इतरांना का जमू नये? सरावाने पंजा सैल होतो हे खरं, पण प्रौढ माणसाचं हाड वाढत नाही. लहान हाताच्या रशियन पियानोवादक-रचनाकार स्क्रियाबिनने लिस्टच्या अवघड रचनेचा अतिरेकी सराव करून आपला उजवा हात दुखावून घेतला होता. लारोचाचं यश अपवाद म्हणून वंदनीय आहे. ते सगळ्यांसाठी नियम होऊ शकत नाही.

शिवाय आजच्या पट्टीची रुंदी काही निसर्गाने ठरवलेली नाही. मोझार्टच्या काळातल्या व्हिएन्नातल्या पियानोंचं सप्तक आजच्यापेक्षा सुमारे अर्धा सेंटिमीटर आखूड असे. योझेफ हॉफमनसारख्या थोर वादकासाठी स्टाइनवे कंपनीने अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवले. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या डेव्हिड स्टाइनब्यूलरने चौदा आणि सव्वापंधरा सेंटिमीटर सप्तकाचे कीबोर्ड तयार केले आहेत. लहान मुलाच्या हाती आपण लहान व्हायोलिन देतो, त्यात कुणाला लबाडी दिसत नाही. मग पियानोची एकच रुंदी सर्वांवर का लादायची? संगीतशाळांनी आणि स्पर्धांनी अरुंद पट्ट्यांचे पियानोही ठेवावेत, आणि ते येईपर्यंत शिक्षकांनी कॉर्ड वाटून घेण्याची, गाळण्याची आणि मोडण्याची कला पहिल्यापासून शिकवावी. दुखऱ्या हाताने एकदम दाबलेल्या दहा सुरांपेक्षा विचारपूर्वक निवडलेले आठ सूर रचनेशी अधिक इमान राखतात.