मऊ बॉल लांब जातो, हे अर्धसत्य

साठी ओलांडलेल्या गोल्फरला दुकानात हमखास ऐकू येणारा सल्ला : "स्विंग हळू आहे ना? मग लो कॉम्प्रेशनचा बॉल घ्या, लांब जाईल." थांबा जरा.

कॉम्प्रेशन म्हणजे फटक्याखाली बॉल किती दबतो, त्याचा आकडा; आकडा जितका कमी, तितका बॉल मऊ. कॅलवे सुपरसॉफ्ट ४० च्या आसपास, टायटलिस्ट प्रो व्ही१एक्स १०० च्या जवळ. मऊ बॉल हाताला गोड लागतो, थंडीत तर फारच. पण निव्वळ वेगात कडक बॉलच किंचित पुढे असतो. ड्रायव्हरचा वेग ताशी ८५ मैलांखाली आला, की हा फरक इतका घटतो की त्यावरून वाद घालू नये.

खरा प्रश्न उंचीचा आहे. हळू स्विंगवाल्याचा बॉल लवकर खाली येतो. त्याला चटकन वर चढणारा आणि हवेत टिकण्यापुरता स्पिन घेणारा बॉल हवा. पावसाळ्यात पुण्याच्या ओल्या फेअरवेवर बॉल घरंगळतच नाही, तेव्हा तर सगळी मदार कॅरीवर, म्हणजे बॉल हवेत किती अंतर कापतो त्यावर.

मग कव्हर. आयोनोमरचं स्वस्त आणि टिकाऊ. पण चिप मारली की बॉल ग्रीनवर पळत सुटतो. यूरेथेनचा एक-दोन टप्प्यांत जागीच आवरतो, आणि त्यासाठी जोरकस स्विंग लागत नाही. म्हणून निवड टीवरून नाही, ग्रीनकडून सुरू करा : ३०-४० यार्डांवरून दोन्ही मारून बघा. दर फेरीत चार बॉल तळ्यात घालवणाऱ्यांनी मात्र खुशाल आयोनोमर कव्हरचा स्वस्त टू-पीस घ्यावा.